वीस जणांच्या वर्गाचा हिशेब

कॅलिफोर्नियात सँटा पॉला गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी थॉमस अक्वायनस कॉलेज आहे. 1971 मध्ये सुरू झालं. विद्यार्थी चारशेच्या घरात. आपल्याकडे तालुक्याच्या एखाद्या कॉलेजात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षालाच तेवढी मुलं असतात. इथे कोणता विषय घेऊन पदवी करायची हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण पदवी एकच आणि अभ्यासक्रमही सगळ्यांना एकच. चार वर्षं गणित, चार वर्षं विज्ञान, तत्त्वज्ञान, थिऑलॉजी (म्हणजे ख्रिस्ती ईश्वरशास्त्र), दोन वर्षं लॅटिन, मध्ये एक वर्ष संगीत. पाठ्यपुस्तक नाही, लेक्चर नाही. युक्लिड, अ‍ॅरिस्टॉटल, न्यूटन, डार्विन, मार्क्स, ज्याचं वाचायचं त्याचंच वाचायचं, त्याच्यावरच्या नोट्स नव्हेत. आणि मग वीसेक जणांनी टेबलाभोवती बसून त्याची चिरफाड करायची. शिकवणाऱ्याला तिथे प्रोफेसर म्हणत नाहीत, ट्यूटर म्हणतात; त्याचं काम मुख्यतः प्रश्न विचारण्याचं आणि योग्य वेळी गप्प बसण्याचं.

पहिल्या वर्षाचा गणिताचा तास घ्या. युक्लिडची अगदी पहिली कृती: दिलेल्या रेषेवर समभुज त्रिकोण काढा. एक मुलगी फळ्याशी उभी राहते. एक टोक केंद्र धरून वर्तुळ, दुसरं टोक केंद्र धरून तेवढंच दुसरं वर्तुळ. दोन्ही जिथे छेदतात तो तिसरा बिंदू. जोडा, झाला त्रिकोण. आपल्याकडे शाळेत कंपास पेटी घेऊन हेच सगळ्यांनी केलंय. कंस नीट दिसले की पूर्ण मार्क. पण इथे टेबलावरून कुणीतरी विचारतं: ही वर्तुळं छेदतात हे कशावरून? आकृतीत दिसतंय हे ठीक, पण दिसतंय म्हणून मानायचं असेल तर सिद्धता कशाला हवी? युक्लिडने सुरुवातीला जी गृहीतकं दिली आहेत त्यांत तर हे कुठेच नाही. ट्यूटर उत्तर देत नाही. तासभर वर्ग त्या दोन वर्तुळांत अडकून राहतो. शंका खरी आहे. युक्लिडच्या बांधणीत तिथे फट आहे आणि गणितज्ञांनी ती रीतसर बुजवायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. अठरा वर्षांच्या मुलीला ही फट स्वतःच्या नजरेने दिसणं, याला मी शिक्षण म्हणतो.

सत्राच्या शेवटी आणखी एक प्रकार होतो. विद्यार्थ्याला सगळ्या ट्यूटरांसमोर बसवतात, आणि ते त्याच्याशी न बोलता आपसात त्याच्याविषयी बोलतात: गणितात घाई करतो, चर्चेत दुसऱ्याचं ऐकत नाही, लॅटिनमध्ये सुधारणा आहे. विद्यार्थी ऐकत असतो. ऐकून घाम फुटत असणार, पण विचार करा, आपल्याला ओळखणारी, आपल्याविषयी इतकं बोलू शकणारी पाच-सहा शिक्षक मंडळी आपल्यापैकी किती जणांना पदवीच्या काळात लाभली?

आता ‘कॅथलिक’ या शब्दाकडे येऊ, कारण मराठी घरात गाडी तिथेच अडते. अमेरिकेत वाढलेल्या भाचीने अशा एखाद्या कॉलेजात अर्ज केला तर इकडची आत्या पहिला प्रश्न विचारते तो बाटवण्याचा. हीच आत्या भाच्याला मुंबईत सेंट झेवियर्सला प्रवेश मिळाला तेव्हा पेढे वाटते. झेवियर्स 1869 मध्ये जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनीच काढलं, हे तिला ठाऊक असतं आणि त्याचं तिला काही वाटत नाही. मग फरक कुठे आहे? फरक असा की झेवियर्समध्ये हिंदू मुलाला थिऑलॉजी शिकावी लागत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक कॅथलिक कॉलेजांत, अगदी सैलसर वातावरणाच्या कॉलेजांतही, तत्त्वज्ञानाचे आणि थिऑलॉजीचे एकदोन पेपर सगळ्यांना सक्तीचे असतात. हिंदू असो, मुसलमान असो, काहीच न मानणारा असो.

ही सक्ती मला अन्यायाची वाटत नाही. उलट या कॉलेजांकडे इतरांपेक्षा वेगळं असं जे काही आहे ते इथेच आहे. ज्याच्या नावाने वरचं कॉलेज चालतं त्या थॉमस अक्वायनसची लिहिण्याची पद्धत बघा. ‘देव आहे काय’ हा प्रश्न तो घेतो आणि सुरुवात करतो ती देव नाही या बाजूने. जगात दुष्टावा आहे, अनंत चांगला देव असता तर तो नसता. शिवाय निसर्गातलं सगळं निसर्गाच्याच नियमांनी समजावता येतं, मग देवाची गरज काय? विरोधकाचे हे आक्षेप आधी मांडायचे, तेही त्याने स्वतः मांडले असते तितक्या ताकदीने, मग आपलं म्हणणं, मग एकेका आक्षेपाला उत्तर. आपल्याकडे शास्त्रग्रंथ वाचलेल्या कुणालाही हे लगेच ओळखीचं वाटेल. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सिद्धान्त. जगाचा कर्ता ईश्वर नाही असं ठामपणे सांगणारे मीमांसक ज्या परंपरेत होऊन गेले, तिच्या लेकराने तेराव्या शतकातल्या एका पाद्र्याच्या पूर्वपक्षाला घाबरावं, हे जरा गमतीचंच. उलट अशी मुलगी त्या वर्गात सर्वांत उपयोगाची. बाकीच्यांना जे घरूनच पटलेलं असतं ते तिला पटवून द्यावं लागतं, आणि पटवताना त्यांचंच त्यांना नीट कळतं.

पण हे सरसकट नाही. थॉमस अक्वायनस कॉलेजात विद्यार्थी बहुतेक सगळे कॅथलिक, तेही घट्ट श्रद्धेच्या घरांतले. कॅथलिक ट्यूटर श्रद्धेची जाहीर प्रतिज्ञा घेतात. तिथे पूर्वपक्ष पुस्तकात असतो, टेबलावर क्वचितच. वाचनाच्या यादीत युरोपाबाहेरचं जवळजवळ काही नाही. मार्क्स आणि नीत्शे आहेत, पण नागार्जुन नाही, शंकराचार्य नाहीत. माणसाच्या विचाराचा चार वर्षांचा आढावा घ्यायचा म्हटल्यावर अर्धं जग बाहेर ठेवणं मला खटकतं, आणि ‘वेळ पुरत नाही’ हे त्यावरचं उत्तर पटत नाही. म्हणून कुणी मला विचारलं तर मी जी कॉलेजं अभ्यासात कडक आणि माणसं घेण्यात मोकळी आहेत ती सुचवीन. तशीही आहेत, बेनेडिक्टाइन पंथाच्या कॅथलिक मठांनी आणि नन्सच्या संघांनी काढलेली कितीतरी.

तशी होती, असं म्हणण्याची वेळ मात्र येऊ लागली आहे. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडचं होली नेम्स 1868 पासून चालू होतं. 2023 मध्ये बंद पडलं. मिल्वॉकीचं कार्डिनल स्ट्रिच त्याच वर्षी. ऑल्बनीचं कॉलेज ऑफ सेंट रोझ आणि फिलाडेल्फियाजवळचं कॅब्रिनी 2024 मध्ये. सेंट लुईसचं फाँटबॉन 2025 मध्ये. कारण म्हणून सांगितलं जातं ते खरंच आहे: कॉलेजात येणारी मुलं कमी होत गेली, आणि 2008 च्या मंदीनंतर अमेरिकेत जन्म घटले, त्यामुळे ती पुढे आणखी कमी होणार. शिवाय छापील फी डोळे पांढरे करणारी, आणि विद्यार्थी मिळावेत म्हणून त्याच फीवर निम्म्याहून जास्त सूट. अशा दुकानदारीत मोठं भांडवल असलेले तगतात, लहान बुडतात.

पण वर दिलेली नावं पुन्हा पाहा. ही सगळी कॉलेजं नन्सच्या संघांनी काढलेली. हा योगायोग नाही, आणि वीस जणांच्या वर्गाचा खर्च इतकी वर्षं कोण देत होतं याचं उत्तर याच यादीत आहे.

1965 मध्ये अमेरिकेत सुमारे 1 लाख 80 हजार कॅथलिक नन्स होत्या. आज 40 हजारही नाहीत, आणि ज्या आहेत त्यांतल्या बहुतेक म्हाताऱ्या. त्या काळी अशा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी, ग्रंथालय बघणारी, वसतिगृहाची रेक्टर आणि खुद्द प्राचार्य, सगळ्या नन्स. त्यांतल्या कित्येक पीएच.डी. झालेल्या, त्याही अशा काळात जेव्हा मोठमोठ्या विद्यापीठांत बाईला नोकरी मिळणं मुश्कील होतं. इंडियानातल्या सेंट मेरीज कॉलेजच्या प्रमुख सिस्टर मॅडलेवा यांनी 1943 मध्ये बायकांसाठी थिऑलॉजीचा पदव्युत्तर वर्ग काढला, कारण तोवर तो विषय त्या पातळीवर बायकांना शिकवायला कुणी तयारच नव्हतं. आणि या सगळ्यांचा पगार? हिशेबाच्या वहीत तो खर्चाच्या बाजूला लिहायचा आणि तोच देणगी म्हणून जमेला धरायचा. हातात फक्त राहणं, खाणं, कपडे. हार्वर्डकडे निधी होता, यांच्याकडे सिस्टर होत्या. सिस्टर गेल्या, त्यांच्या जागी पगारी प्राध्यापक आले, ज्यांना घरभाडं आहे, मुलांच्या फिया आहेत आणि म्हातारपणाची चिंता आहे. ते अगदी रास्तच. पण वर्ग वीस जणांचाच ठेवायचा आणि पगारही पुरा द्यायचा, तर फी कुठे जाईल याचं गणित कुणीही करू शकतं.

मग कॉलेजं काय करतात? व्हर्जिनियातल्या मेरीमाउंट विद्यापीठाने 2023 मध्ये काय केलं ते बोलकं आहे. विश्वस्त मंडळाने एकमताने नऊ विषयांतली पदवी बंद केली. त्यांत इंग्रजी होतं, इतिहास होता, गणित होतं, तत्त्वज्ञान होतं आणि थिऑलॉजीसुद्धा. कारण दिलं की हे विषय घेऊन पदवी करणारे फार थोडे. विषय सगळ्यांच्या सामायिक अभ्यासक्रमात राहतील असंही सांगितलं. ऐकायला व्यवहारी वाटतं. पण ज्या विभागाला स्वतःचे विद्यार्थी नाहीत त्या विभागात चांगला माणूस का यावा, आणि आला तर का टिकावा? थोड्या वर्षांत तिथे कंत्राटावरची माणसं उरतात, जी नर्सिंगच्या आणि बिझनेसच्या मुलांना ‘नीतिशास्त्राची ओळख’ शिकवून दुसऱ्या कॉलेजकडे गाडी पळवतात. नर्सिंग आणि बिझनेस शिकायला सरकारी विद्यापीठ स्वस्त पडतं. कॅथलिक कॉलेजने तेच विकायला काढलं तर विद्यार्थ्याने जास्त पैसे मोजून तिथे का जायचं, हे मंडळाला विचारायला हवं होतं. तगण्यासाठी जे कापलं त्याच्यासाठीच तर तगायचं होतं.

हा सगळा परक्या मुलखाचा विषय वाटत असेल तर पुण्याकडे वळू. डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 मध्ये स्थापन झाली, पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज उघडलं. ते उभं राहिलं आजीव सदस्यांच्या जोरावर: वीस वर्षं सेवेची शपथ आणि महिना 75 रुपयांच्या आसपास पगार. आगरकर, गोखले, पुढे धोंडो केशव कर्वे, सगळे या व्यवस्थेतले. आणि टिळकांच्या डोळ्यांसमोर यासाठी नमुना होता तो चक्क जेझुइटांचा. पाद्री जसा सगळं सोडून शिकवण्याला वाहून घेतो तसं आपणही घ्यावं, बाहेरची कमाई नको, बाहेरची कामं नकोत. 1890 मध्ये याच मुद्द्यावर वाद विकोपाला गेला आणि टिळक सोसायटीतून बाहेर पडले. वादात कोण बरोबर होतं हा वेगळा विषय, त्यावर पुण्यात अजूनही दोन तट पडतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की फर्ग्युसन आणि मिल्वॉकीच्या नन्सचं कॉलेज एकाच अर्थशास्त्रावर चाललं होतं. शिक्षण स्वस्त, कारण शिक्षकाने स्वतःला स्वस्तात दिलं.

या त्यागाचं आपण फार गुणगान करतो. नन्सच्या आज्ञापालनाच्या व्रतात कुणी कुठे काय शिकवायचं हे वरून ठरत असे. गणिताची आवड असलेल्या सिस्टरला शिवणकामाला पाठवलं तर तिने विचारायचं कुणाला? आणि जेझुइटाला निदान संसार नसतो. पुण्याच्या आजीव सदस्याला तो होता, आणि 75 रुपयांत तो घरात कुणी रेटला, याची नोंद आपल्या शिक्षणाच्या इतिहासात शोधावीच लागते. अशा त्यागावर पुन्हा संस्था उभी करा असं आजच्या तरुण शिक्षकाला सांगण्याचा हक्क कुणाला नाही. फुकट श्रमाचा तो काळ संपला, बरं झालं.

फक्त तो संपला हे मान्य करून पुढचा हिशेब मांडायला हवा. इथे आपलं गाडं अडलंय.

राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये आलं. त्यात बाणभट्टाच्या कादंबरीचा आणि चौसष्ट कलांचा दाखला देऊन सांगितलं आहे की असं सर्वांगीण शिक्षण, म्हणजे आज ज्याला लिबरल आर्ट्स म्हणतात ते, मुळात आपलंच. महाराष्ट्रात 2024-25 पासून ते संलग्न महाविद्यालयांपर्यंत पोचलं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हॅल्यू एज्युकेशन, भारतीय ज्ञान प्रणाली, आणि प्रत्येकाचे क्रेडिट. स्टाफरूममध्ये सध्या ‘बास्केट’, म्हणजे निवडायच्या विषयांचा गट, हा शब्द दिवसातून पन्नासदा ऐकू येतो. वाणिज्यच्या मुलाने कुठल्या बास्केटमधून काय उचललं, त्याचे दोन क्रेडिट कुठे भरायचे, पोर्टलवर ते का दिसत नाहीत. ओपन इलेक्टिव्हला भूगोल घेतला म्हणून मुलगा बहुश्रुत होतो अशी कुणाची समजूत असेल तर ती त्यालाच लखलाभ. वर्गात नावं एकशेवीस, हजर चाळीस, आणि परीक्षेच्या आठवड्यात झेरॉक्सच्या दुकानात नोट्सचा गठ्ठा. शिकवणारा तासिका तत्त्वावर: सकाळी एका कॉलेजात तीन तास, दुपारी दुचाकीवरून दुसऱ्या गावी दोन तास, मानधन कधी जमा होईल त्याचा भरवसा नाही, जूनमध्ये पुन्हा मुलाखत. वर्षानुवर्षं कायम पदं भरली नाहीत की हेच होतं. या माणसाने त्या वर्तुळांच्या प्रश्नावर तासभर गप्प बसावं? त्याला पोर्शन संपवायचाय.

आश्चर्य असं की या घोटाळ्याची कल्पना कॅथलिक जगातल्याच एका माणसाने फार पूर्वी दिली होती. जॉन हेन्री न्यूमन यांनी 1852 मध्ये डब्लिनला विद्यापीठ या विषयावर व्याख्यानं दिली. त्याच मालेत त्यांनी लिहिलं होतं की एक विद्यापीठ नुसतं परीक्षा घेऊन पदव्या देतं, आणि दुसरं तरुणांना तीन-चार वर्षं एकत्र राहायला लावून नुसतंच परत पाठवतं, यांतलं एक निवडायचं झालं तर मी दुसरं निवडीन. त्यांचा रोख परीक्षा मंडळासारख्या चालणाऱ्या विद्यापीठांवर होता. तेव्हाचं लंडन विद्यापीठ त्याच वळणाचं. पाच वर्षांनी, 1857 मध्ये, आपलं मुंबई विद्यापीठ नेमकं लंडनच्या नमुन्यावर निघालं. शिकवणं कॉलेजांचं, परीक्षा विद्यापीठाची. पावणेदोनशे वर्षं होत आली, सांगाडा तोच आहे. त्याच्यावर आता चौसष्ट कलांचा शेला पांघरलाय, इतकंच.

ज्यांना परवडतं त्यांची सोय झाली आहे. सोनीपतला अशोका, पुण्याजवळ लवळ्याला फ्लेम. लहान वर्ग, चर्चा, सगळं आहे, आणि वर्षाची फी लाखांत. ही विद्यापीठं वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. पण अमेरिकेतली ती कॉलेजं मुख्यतः आयरिश, जर्मन, पोलिश, इटालियन कामगारांच्या मुलींसाठी निघाली होती. ज्या घरात याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, तिथली मुलगी प्लेटो वाचत होती. कर्मवीरांनी ‘कमवा आणि शिका’ ज्यांच्यासाठी काढलं तीच ही माणसं. मूळ कल्पना गरिबाच्या मुलाने वीस जणांत बसून शिकावं ही होती. आपण आणली ती तिची श्रीमंत आवृत्ती, आणि गरिबाच्या वाट्याला बास्केट.

सरकारकडे पैसा नाही हे उत्तर ठरलेलं. सगळी कॉलेजं थॉमस अक्वायनससारखी करा असं कुणी म्हणतही नाहीये. पण पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला आठवड्यातून दोन तास, वीस जणांच्या गटात, एकच ठरलेलं पुस्तक आणि कायम नोकरीतला एक शिक्षक, एवढं तरी अनुदानित कॉलेजांत करता येईल. पुस्तक तुकारामाची गाथा असो, फुल्यांचं लेखन असो, युक्लिड असो. ते सगळ्यांना सक्तीचं हवं. निवडीला ठेवलं की ज्या मुलाला त्याची सर्वांत जास्त गरज तोच ते सोडणार. त्यासाठी रिकामी पदं भरावी लागतील आणि दहा-बारा ओपन इलेक्टिव्ह काढून टाकावे लागतील. दुसरी गोष्ट फुकट होते, पहिलीला पैसे लागतात, आणि ते अर्थसंकल्पात दिसले पाहिजेत, कुणाच्या त्यागात नव्हे.

आणि ती भाची. तिने अर्ज केलाच असेल तर आत्याने धर्माची चौकशी सोडून दुसरी करावी. कॉलेज बघायला गेल्यावर जिम आणि कॅफेटेरिया दाखवतात तेव्हा मान डोलवावी आणि मग विचारावं: पहिल्या वर्षाला तत्त्वज्ञान कोण शिकवतं? तो माणूस कायम नोकरीत आहे की कंत्राटावर? त्याच्या वर्गात किती मुलं असतात? गेल्या पाच वर्षांत कुठले विषय बंद केले? छापील फीतली किती टक्के फी मुलं प्रत्यक्षात भरतात, आणि गेल्या वर्षी कॉलेजला तोटा किती झाला? सिस्टर किती उरल्या आहेत तेही विचारावं. एखादी म्हातारी सिस्टर भेटली तर तिच्याशी निवांत बोलावं. बाकीच्या सगळ्या प्रश्नांची खरी उत्तरं बहुधा तिच्याकडे असतात.